आवाज उत्तम

कात्री काउंटरवर दोनदा वाजली, टक टक, आणि तो दुकानाच्या दारातच थांबला. थांबा, असा त्याचा अर्थ असावा. पण तोंडानं एक शब्द न बोलता नुसतं कात्रीनं थांबवलेलं त्याला आवडलं नाही. आधीच तो वैतागलेला होता. परिषदेसाठी कपाटातून काढलेली चांगली पँट कमरेला सैल झाली होती, म्हणजे आपण कधी वाळलो हेही आपल्याला कळलेलं नाही, आणि हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतल्या या कपडे दुरुस्तीच्या दुकानाशिवाय आज सकाळी काही उघडं नव्हतं. मशीनवरची बाई मान वर न करता शिवण संपवत होती. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या आहेत म्हणून बोलत नसेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. तेवढ्यात पडद्यामागून दुसरी एक बाई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘द्या ना इकडे, काय करायचंय? अक्का म्हणतेय, एवढी शिवण होऊ दे.’’ ‘‘कमरेला आवळायचीय,’’ तो म्हणाला आणि पँट पुढे करता करता थबकला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता.

चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत. लग्नाकार्यात लोक खांद्यावर हात टाकतात, ओळखलं का म्हणतात, आणि तो ओशाळं हसत वेळ मारून नेतो. आवाज मात्र एकदा कानावरून गेला की गेला असं होत नाही. हा तर चांगलाच लक्षात होता: किंचित नाकातला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर चढणारा, ‘हो’ म्हणण्याआधी अर्धवट हसणारा. थायरॉइडची गाठ, संपूर्ण ग्रंथी काढलेली, व्यवसाय शिवणकाम. ऑपरेशननंतर त्यानं केलेल्या फोनवर ती बराच वेळ गुडघ्याबद्दल बोलली होती आणि त्यानं तिच्या नावापुढे लिहिलं होतं, आवाज उत्तम. आता तो आवाज समोर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून येत होता आणि हिच्या गळ्यावर कसलीच खूण नव्हती. मशीनवरच्या बाईनं शिवण संपवून दोरा तोडला, मान वर केली, तेव्हा टेपच्या खाली ऑपरेशनची रेघ दिसली. आडवी, बारीक, डावीकडे केसभर चढलेली. ज्यांच्या हाताखाली तो काम करत आला, त्या सरांचीच रेघ. हात कितीही सराईत असला तरी डावीकडे ते केसभर चढतातच.

‘‘तुम्ही फोनवाले डॉक्टर ना?’’ धाकटीनं विचारलं. ‘‘तुम्ही बोलल्याबोलल्या ओळखलं मी! अगं अक्का, हे ते फोनवाले.’’ अक्कांनी टाचण्या काढून उशीला टोचल्या, हात जोडले, आणि ओठ हलवले. दाराच्या फटीतून वारा यावा तसं काहीतरी आलं. धाकटीनं लगेच ते उचललं. ‘‘म्हणतेय, सरांना नमस्कार सांगा. देवमाणूस.’’ तो म्हणाला, ‘‘पण फोनवर... फोनवर तुम्ही होतात?’’ ‘‘मीच की! आता ही कुठे बोलणार फोनवर? शेजारीच बसलेली होती. तुम्ही कशा आहात म्हणालात, मी हिच्याकडे बघितलं, हिनं मान हलवली, मी सांगितलं बरी आहे. गुडघासुद्धा हिचाच सांगितला बरं का, माझे ठणठणीत आहेत.’’ ती हसली. ‘‘शेवटी तुम्ही म्हणालात ना, आवाज अगदी छान आहे तुमचा. फोन ठेवल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो! ऑपरेशननंतर ही पहिल्यांदा हसली होती.’’ त्यानं विचारलं, सांगितलं का नाही. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जोरातच विचारलं गेलं. धाकटीचा चेहरा उतरला. ‘‘तुम्ही विचारलंच नाहीत आवाजाचं. आणि गाठ गेली ना, जीव वाचला. आता एवढ्यासाठी सरांना वाईट वाटायला लावायचं का?’’ अक्कांनी कात्री एकदाच टेकवली, बस झालं अशी, आणि पँट मागून घेतली.

विचारलं नाहीत, हे खरं होतं. न विचारणं हीच तर त्याची युक्ती होती. तो आधी सरांच्या हाताखाली ऑपरेशनं करायचा. मान खाली घालून लोकांच्या माना कापता कापता त्याचीच मान गेली, मणक्यानं दगा दिला, आणि सरांनी त्याला संशोधनाच्या खोलीत बसवलं. खोली कसली, जिन्याखालची जागा. एक टेबल, फोन, खिडकीबाहेर ऑक्सिजनच्या टाक्या. थायरॉइडच्या मागून आवाजाची नस जाते, शिवायच्या दोऱ्याएवढी. गाठ काढताना ती ताणली गेली तर आवाज बसतो, काहींचा परत येतो, काहींचा येत नाही. किती जणांचा येत नाही, हे मोजायचं होतं. दुर्बीण घालून तपासायला रुग्ण परत येत नाहीत. लांब राहतात, आणि बरं वाटतंय तर घशात नळी कोण घालून घेईल. म्हणून सहा महिन्यांनी फोन. आधीचे लोक सरळ विचारायचे, आवाज बरा आहे का, आणि सगळे म्हणायचे, बरा आहे. डॉक्टरला कुणी नाही म्हणत नाही. त्यानं ही पद्धत मोडली. तो हवापाण्याच्या, नातवंडांच्या, गुडघ्यांच्या गप्पा मारायचा आणि स्वतःच्या कानानं ठरवायचा. सरांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती. माणूस खोटं बोलेल, म्हणाले होते, घसा बोलणार नाही. इतकी वर्षं लोकांना हसवत, खोकवत, बोलतं करत त्यानं ऐकलं आणि आकडा निघाला तो शंभरात एक. फार चांगला आकडा. त्याच आकड्यासाठी परिषद होती, पँट होती. आणि तोच आकडा त्यानं ताईला सांगितला होता.

हॉस्पिटलकडे परत चालताना त्याला गल्ली नेहमीपेक्षा लांब वाटली. ताई म्हणजे त्याची एकुलती एक बहीण, त्याच्याहून मोठी, पोहायला शिकवणारी. शिकवते म्हणजे काठावर उभी राहून ओरडते. तिच्या घशात भोंगा आहे, असं आई म्हणायची. लहानपणी तो जिन्याखाली लपून बसायचा, अंधार, ओल्या चपलांचा वास, आणि मग वरच्या मजल्यावरून ते ‘छोट्याऽऽ’ यायचं, जिन्याच्या प्रत्येक पायरीवरून घरंगळत, आणि शेजारपाजारची मुलंसुद्धा आपापल्या घरी निघायची. बाबा गेले त्या दिवशी हॉस्पिटलच्या लांबलचक बोळात तो भलत्याच टोकाला जाऊन बसला होता. तिथंही तिनं त्याला हाकेनंच शोधलं होतं. नर्सनं तिला गप्प केलं तेव्हा ती रडायला लागली होती. आता तिच्या गळ्यात वाटाण्याएवढी गाठ निघाली होती, चांगली नव्हती, आणि नसेला अगदी खेटून होती. चारसहा महिने नुसतं लक्ष ठेवलं तरी आभाळ कोसळणार नाही, असं सरच पहिल्यांदा म्हणाले होते. पण काढून टाकावी हे बरं, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं. तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून तिनं विचारलं होतं, ‘‘खरं सांग, आवाज जाईल का?’’ आणि त्यानं चहात बिस्किट बुडवत सांगितलं होतं, ‘‘शंभरात एकाचा जातो, ताई.’’ ‘‘एकच?’’ ‘‘एकच. मी स्वतः ऐकलेत सगळ्यांचे आवाज.’’ ती लगेच तयार झाली. उद्या ती भरती होणार होती, परवा ऑपरेशन. बिस्किट तुटून कपात पडलं होतं, ते तिनं चमच्यानं काढून दिलं होतं, इतकं सगळं त्याला आठवत होतं.

खोलीत येऊन त्यानं दार लावलं आणि फोन ओढला. एक बाई म्हणजे सगळे नव्हेत. असंही असू शकतं की ही एकच निघावी, शंभरातली ती एक. त्यानं हाताला येईल तो नंबर लावला. ‘‘हो, बोला ना,’’ भरदार आवाज आला, आणि नेहमीसारखी त्याच्या कानानं पसंती दिलीच. त्यानं विचारलं, आपण कोण. ‘‘मी सून त्यांची. सांगा की, मी सांगते त्यांना.’’ ‘‘त्यांनाच द्या.’’ ‘‘त्या जपाला बसल्यात.’’ ‘‘मी थांबतो.’’ मग कुजबुज, भांड्यांचा आवाज, आणि फोनवर कुणीतरी श्वास घेऊ लागलं. त्यात शब्द होते बहुतेक. त्यानं डोळे मिटून फोन कानावर दाबला, तरी एकही हाती लागला नाही. त्यानं आभार मानले, कशाबद्दल ते त्यालाच कळलं नाही. पुढचा नंबर एका आजींचा, त्यांना नातवानं झोपेतून उठवून फोनवर आणलं. ‘‘कोण रे तू मेल्या?’’ ‘‘आजी, फक्त तुमचा आवाज ऐकायचा होता.’’ ‘‘आवाज ऐकायचाय? म्हाताऱ्या बाईची झोपमोड करून आवाज ऐकायचाय? ऐक तर मग!’’ आणि तिनं जे काही ऐकवलं ते खणखणीत होतं, शब्दन्‌ शब्द सुटा. तो एकटाच हसला. कितीतरी दिवसांत कुणी त्याला असं मनापासून झापलं नव्हतं. पण त्यापुढच्या घरी मुलगा म्हणाला, ‘‘बाबा फोनवर येत नाहीत हो आता. मागच्या वेळीही मीच बोललो होतो. तुम्हाला माहीत होतं ना?’’ त्यानं फोन ठेवला. खिडकीबाहेर एक माणूस टाक्या ढकलत होता आणि टाक्या एकमेकींवर आपटत होत्या.

सर ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर चहा घेत बसले होते. मास्कच्या दोऱ्यांचे वळ अजून गालावर होते. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. सरांनी कप खाली ठेवला नाही, पण प्यायलेही नाहीत. ‘‘किती असतील असे?’’ ‘‘माहीत नाही.’’ ‘‘अंदाज?’’ ‘‘सर, मी कुणाशी बोलत होतो हेच मला माहीत नाही. ज्यांना बोलता येतं तेच फोन उचलतात. घरात जो चांगला बोलतो, तो.’’ सर म्हणाले, ‘‘परिषद होऊ दे. नंतर सावकाश बघू आपण. झाकली मूठ सव्वा लाखाची.’’ हे ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते थकून म्हणाले. ‘‘आणि तुझ्या बहिणीची काळजी करू नकोस, मी स्वतः करतोय.’’ ‘‘तिनं आवाजाचं विचारलं तर काय सांगू?’’ सरांनी रिकामा हात उलटा करून पाहिला, बोटं पसरली, मिटली. ‘‘मला माझ्या हाताची खात्री होती,’’ ते म्हणाले. ‘‘दर वर्षी तू आकडा आणून द्यायचास आणि मी म्हणायचो, बघा, हात अजून शाबूत आहे.’’ त्याला सरांची कीव आली आणि ती आलेली आवडली नाही. आजपर्यंत त्यानं त्यांचा धाक बाळगला होता, तेच सोपं होतं. चहावर साय धरली होती. नर्सनं आतून पुढच्या रुग्णाची तयारी झाल्याचं सांगितलं आणि सर उठले.

तलावाच्या फाटकातून आत शिरताच त्याला ताईचा आवाज आला. क्लोरीनचा वास, ओल्या फरशा, लाल-निळ्या टोप्या घातलेली डोकी पाण्यावर, आणि त्या सगळ्यावरून ती हाक: कोपर वर, कोपर वर, श्वास सोड पाण्यात! भिंतीवर आपटून ती परत यायची, म्हणजे दोनदा ऐकू यायची. तो बूट हातात घेऊन काठाच्या बाकावर बसला. येताना सगळ्या रस्त्याभर त्यानं वाक्यं जुळवली होती, पण ती जवळ येऊन टॉवेलनं मान पुसायला लागली आणि त्याला तो गळा दिसला, नितळ, वाटाणा कुठे आहे हेही न कळणारा. ‘‘काय रे छोट्या, बूट हातात? नोकरी सोडलीस की काय?’’ ‘‘ताई, मी तुला सांगितलेला आकडा चुकीचा आहे.’’ त्यानं मग सगळं सांगितलं, अक्कांचं, सुनेचं, मुलाचं. पाण्यावर लक्ष ठेवत ती ऐकत होती. मध्येच तिनं ‘थांब’ म्हणून हात वर केला, कारण पलीकडे एक लहान मुलगी पाठीवर तरंगत खोल बाजूच्या दोरीकडे सरकत होती, डोळे मिटून, कान पाण्यात. ताईनं तोंड उघडलं, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, मिटलं. तिनं शिट्टी वाजवली. मुलीला पत्ता नाही. तिनं टाळ्या वाजवल्या, हात हलवले. काठावरच्या सगळ्यांनी पाहिलं, फक्त मुलीनं नाही. मग ताई ओरडली, नाव घेऊन, पोटातून, आणि पाण्यात कान बुडालेल्या मुलीनं डोळे उघडले आणि पालथी होऊन ती काठाकडे हातपाय मारायला लागली. त्याच्या हातातला एक बूट फरशीवर पडला होता.

‘‘मग खरा आकडा किती?’’ ताईनं विचारलं. तिचा श्वास अजून खालीवर होत होता. ‘‘माहीत नाही.’’ ‘‘शंभरात दोन? दहा?’’ ‘‘खरंच माहीत नाही गं.’’ त्याला वाटलं, आता ती चिडेल, बोलेल चार शब्द, त्या आजींसारखी, आणि बरं वाटेल. ती बाकावर त्याच्या शेजारी बसली. टॉवेलचं टोक पिळत राहिली. ‘‘एक सांग,’’ ती म्हणाली, ‘‘ज्यांच्याकडे सून नाही, बहीण नाही, त्यांचं काय होतं? माझ्यासारखं कुणी. समज माझं ऑपरेशन झालं, आवाज गेला. सहा महिन्यांनी तू फोन केलास. माझ्या घरी कोण उचलणार?’’ ‘‘कुणी नाही.’’ ‘‘बोलता येत नसेल तर मीही नाही उचलणार. उचलून करू काय? मग तू काय लिहिशील?’’ त्याला उत्तर येत होतं. वर्षानुवर्षं त्यानंच ते लिहिलं होतं, हात अवघडेपर्यंत, जेवणाची सुट्टी जवळ आली म्हणून घाईनं, कधी सुटलो एकदाचे म्हणून. तीन वेळा फोन, तिन्ही वेळा उत्तर नाही. संपर्क झाला नाही. ‘‘आणि ते शंभरात धरतोस?’’ ‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘गाळतो.’’ ‘‘म्हणजे मी गाळलेली.’’ ‘‘ताई...’’ ‘‘असे किती गाळलेत रे?’’ तेही त्याला नक्की आठवेना. बरेच होते. सुरुवातीला त्याला त्यांचं वाईट वाटायचं, पत्ते बदलले असतील, गावं सोडली असतील. नंतर वाईट वाटणंही थांबलं. न उचललेल्या फोनची घंटा किती वेळ वाजली की तोडायची याची त्याच्या बोटांना सवय झाली होती. घंटा वाजत असताना पलीकडे कुणीतरी फोनकडे बघत बसलेलं असेल, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

ताई उठली. ‘‘मी उद्या येत नाही. चारसहा महिने थांबलं तर चालतं म्हणालास ना? ते तरी खरं आहे का?’’ ‘‘ते खरं आहे. ते सर म्हणाले होते, तपासत राहायचं.’’ ‘‘मग मी थांबते. तू आधी नीट मोज. फोनवर नको.’’ तिनं त्याचा पडलेला बूट उचलून त्याच्या मांडीवर ठेवला, लहानपणी ठेवायची तसा, आणि पाण्याकडे वळून ओरडली, कोपर वर! त्याला रडू आलं आणि बाजूला बसलेल्या कुणाच्या तरी आजोबांनी, क्लोरीन डोळ्यांना लागतं बुवा, म्हणून त्याला आपला रुमाल दिला.

दुसऱ्या दिवशी सर परिषदेला गेले. काय वाचायचं आणि काय नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं होतं. त्यानं सकाळीच त्यांना एवढं सांगितलं होतं की माझं नाव काढा, आकडा अजून निघालेला नाही. सरांनी नुसतं हं म्हटलं होतं. चांगली पँट अजून अक्कांकडेच होती, म्हणून तो रोजच्याच पँटला पट्टा आवळून गाळलेल्यांतल्या एका पत्त्यावर निघाला. कुठून सुरुवात करायची हे ठरवता येईना म्हणून हॉस्पिटलला सगळ्यात जवळचा घेतला होता. इतका जवळचा की त्याच्या खोलीच्या खिडकीतून मान वाकडी केली तर ती इमारत दिसली असती. लिफ्ट बंद होती. जिन्यात फिनाइलचा वास, कुणाच्या तरी दाराशी सायकल, भिंतीवर मुलांनी खडूनं काढलेली गाडी. तिसऱ्या मजल्यावर त्याची मान दुखायला लागली आणि तो कठड्याला टेकून उभा राहिला. घर बंद असेल, असं त्याला वाटलं. बंद असेल तर बरं, असंही वाटलं, आणि हे वाटणं त्याला इतकं जुनं, इतकं ओळखीचं वाटलं की तो उरलेल्या पायऱ्या न थांबता चढला. या बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या. एवढंच त्याला आठवत होतं. त्यांचा आवाज त्यानं कधीच ऐकला नव्हता.

त्यानं बेल दाबली. आत काही हाललं नाही. पुन्हा दाबली. दुसऱ्या बेलनंतर आपण किती वेळ थांबतो हे त्याला ठाऊक होतं, आणि तो तेवढा वेळ थांबला, आणि मग आणखी थांबला. शेजारच्या दारातून एका माणसानं डोकं बाहेर काढून सांगितलं, ‘‘त्या कुणाशी बोलत नाहीत हो, उगाच थांबू नका,’’ आणि दार लावून घेतलं. त्यानं तिसऱ्यांदा बेल दाबली, तोंड दाराच्या फटीजवळ नेलं आणि म्हणाला, ‘‘बाई, मी हॉस्पिटलातून आलोय. सावकाश या. मी आहे इथेच.’’ आत कुठेतरी खुर्ची सरकली. मग, बऱ्याच लांबून, लाकडावर बोटाची पेरं वाजली, टक टक.